रक्तबदल, बीजसाठा आणि बोरिवलीचा सिंह



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. जनुकतंत्राच्या साहाय्याने नष्ट होत चाललेले प्राणी वाचवता येतील काय, हा प्रश्न प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचा किंवा वनखात्याचा आहे, त्याचा गोठ्याशी काय संबंध, असे आपणास वाटणे साहजिक आहे. परंतु या विषयातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपण वेगळ्या नावाने ओळखता. वळू बदलणे, जातिवंत कालवड पारखणे, कृत्रिम रेतन करून घेणे, बियाणे राखून ठेवणे ही कामे आपल्या नित्याची आहेत. सिंह, माळढोक किंवा गवा वाचवताना शास्त्रज्ञ हीच कामे करतात. फरक आहे तो हत्यारांचा आणि खर्चाचा.

उदाहरणासाठी लांब जाण्याची गरज नाही. मुंबईच्या उपनगरांकडे पाहा. पश्चिमेला बोरिवली आणि पूर्वेला मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल पसरले आहे. त्याला लागूनच गोरेगावची आरे दुग्ध वसाहत आहे. जंगलात बिबटे, उद्यानाच्या सफारीत सिंह आणि शेजारी म्हशींचे तबेले. आजचा सारा विषय या एवढ्या टापूत समजावून घेता येतो.

लहान कळपाचे दुखणे

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या गुणांचा आराखडा असतो. रंग, उंची, दूध, रोगाशी झुंजण्याची ताकद हे गुण ज्या घटकांमुळे पिढ्यान् पिढ्या उतरतात, त्यांना जनुके म्हणतात. मोठ्या कळपात जनुकांची विविधता पुष्कळ असते. एखादी साथ आली तर काही जनावरे दगावतात, पण काही तग धरतात. कळप लहान झाला की जवळच्या नात्यातच पैदास होऊ लागते. गावातील एकच वळू आपल्याच मुलींवर आणि नातींवर वापरला गेला तर काय होते, हे आपण पाहिले आहे. गाभण राहण्याचे प्रमाण घटते, वासरे अशक्त निपजतात, दडून राहिलेले दोष वर येतात.

गीरच्या सिंहांवर हीच पाळी आली होती. एके काळी उत्तर भारतात दूरवर पसरलेला आशियाई सिंह विसाव्या शतकाच्या सुरुवातीस फक्त जुनागढजवळच्या गीरच्या जंगलात, तोही अगदी थोड्या संख्येने उरला होता. संरक्षण मिळाल्यावर संख्या वाढली. २०२० च्या मोजणीत ६७४ आणि २०२५ च्या मोजणीत ८९१ सिंह नोंदले गेले. हे मोठेच यश होय. परंतु हे सर्व सिंह त्या मूठभर पूर्वजांचे वंशज आहेत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे दिसून आले, की गीरच्या वंशातील नरांच्या वीर्यात विकृत शुक्राणूंचे प्रमाण आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांपेक्षा बरेच जास्त आहे. पुढे २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या एकाच भागात २३ सिंह दगावले. त्यांपैकी काहींत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू आढळले. सारा वंश एकाच भागात असणे किती धोक्याचे आहे, हे त्या वेळी सर्वांना दिसले. डोकी वाढली म्हणजे धोका टळला असे नाही, हा यातील पहिला धडा आहे.

शुद्ध कोण, संकर कोण?

जनुकतंत्राचा पहिला उपयोग ओळख पटवण्याचा आहे. रक्ताचा थेंब, केस, एवढेच काय पण जंगलात सापडलेली विष्ठा तपासूनही प्राणी कोणत्या वंशाचा आहे आणि त्याचे कोणाशी नाते आहे हे सांगता येते. त्यासाठी प्राण्याला पकडण्याचीही गरज पडत नाही.

ही ओळख वेळेवर न झाल्यास काय घडते, हे अमेरिकेत दिसले. तेथील प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांची पैदास पाच मूळ जनावरांपासून केली. वंश वाढला आणि मग तपासणीत उघड झाले, की त्या पाचांपैकी दोघांत आफ्रिकी सिंहाचे रक्त आहे. अनेक वर्षांचे काम बाजूला ठेवावे लागले. आपल्याकडे चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात सर्कशीतील आफ्रिकी रक्ताच्या सिंहांचा आशियाई सिंहांशी संकर झाला. संख्या झपाट्याने वाढली, पण ती दोन्हींपैकी एकाही वंशाच्या कामाची नव्हती. शेवटी त्यांची पैदास थांबवावी लागली.

बोरिवलीच्या उद्यानात २०२२ च्या अखेरीस गुजरातेतून आशियाई सिंहांची जोडी आणली गेली. बदल्यात वाघांची जोडी तिकडे गेली. जानेवारी २०२५ मध्ये येथे सिंहाचा छावाही जन्मला. मुंबईकरांना याचा आनंद झाला आणि तो योग्यच आहे. पण एका जोडीने वंश टिकत नाही. त्यासाठी कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावायची, पुढच्या पिढीत कोणाचे रक्त कोठून आणायचे, याची वंशावळ ठेवावी लागते. देशातील प्राणिसंग्रहालये अशी नोंदवही ठेवतात. चांगला पशुपालक आपल्या गोठ्याची ठेवतो, तशीच ही नोंदवही आहे.

रक्तबदल

दुसरा उपाय रक्तबदलाचा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पँथर नावाच्या मोठ्या मांजरवर्गीय प्राण्याची संख्या घटून वीस-तीसवर आली होती. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांची वृषणे पोटातच राहिलेली, अशी त्यांची अवस्था होती. १९९५ मध्ये टेक्सास राज्यातून त्याच जातीच्या आठ माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या. नव्या रक्ताची पिल्ले सुदृढ निपजली, दोष कमी झाले आणि पुढील काळात संख्या शंभराच्या वर गेली. येथे प्रयोगशाळेने रोगाचे निदान केले. औषध मात्र आपल्या आजोबांना ठाऊक असलेलेच होते : बाहेरचा वळू आणा.

बोरिवलीच्या बिबट्यांना हे नवे रक्त कोठून मिळणार? उद्यानाच्या तिन्ही बाजूंना वस्ती आहे. उत्तरेला घोडबंदर रस्ता आणि वसईची खाडी आहे, आणि त्यापलीकडे तुंगारेश्वरचे जंगल. २००९ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक प्रौढ बिबट्या शेतातील विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो सुमारे १२० किलोमीटर चालत, हमरस्ते आणि लोहमार्ग ओलांडून आणि खाडी पोहून मुंबईच्या बाजूच्या जंगलात पोहोचला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ हे नाव दिले होते. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

बिबट्या शेतकऱ्याचा मित्र आहे, असे मी आपणास सांगणार नाही. ज्याची शेळी किंवा वासरू गेले आहे त्याला ते पटणारही नाही, आणि नुकसानभरपाई वेळेवर मिळण्याचा त्याचा हक्क आहे. सांगायचे आहे ते इतकेच, की आजोबासारखा एक नर जे काम फुकट करू शकतो, त्यासाठी प्रयोगशाळेला अपार खर्च येतो. जंगलांना जोडणारा पट्टा आणि रस्त्याखालचा भुयारी मार्ग राखणे हा सर्वांत स्वस्त रक्तबदल होय.

गोठवलेले बीज

तिसरा उपाय आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर जो नत्राचा डबा घेऊन येतात, त्यातील द्रवरूप नत्राचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. त्यात वीर्य वर्षानुवर्षे टिकते. वळू मेला तरी त्याचे बीज राहते. हेच तंत्र वन्य प्राण्यांसाठी वापरण्याचे काम हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या प्रयोगशाळेत चालते. तेथे २००६ मध्ये कृत्रिम रेतनाने चितळाचे पाडस जन्मले आणि २००७ मध्ये काळविटाचे. याच प्रयोगशाळेत संकटग्रस्त प्राण्यांच्या पेशी आणि वीर्य गोठवून ठेवण्यात येते.

माळढोक पक्ष्याचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले. आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठे असे हे क्षेत्र कागदावर राखीव झाल्याने शेकडो गावांतील शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार अडले. पुढे ते घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. एवढे होऊनही माळरान मोडत गेले, विजेच्या तारा वाढल्या, आणि अलीकडच्या गणनांत तेथे एखादाच पक्षी नोंदला गेला. देशात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक आता राजस्थानच्या जैसलमेर भागात आहेत. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. त्यामुळे संख्या वाढण्यास फार काळ लागतो. जैसलमेर जिल्ह्यातील पैदास केंद्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने माळढोकाचे पहिले पिल्लू अंड्यातून बाहेर आले. एका केंद्रातील नराचे वीर्य दुसऱ्या केंद्रातील मादीसाठी नेण्यात आले होते. हे यश फार महत्त्वाचे आहे. परंतु ते पिल्लू मोठे झाल्यावर सोडायचे कोठे? नान्नजला माळरानच उरले नाही, तर राजस्थानातील नत्राचा डबा सोलापूरला माळढोक परत देऊ शकणार नाही.

प्रतिरूपाचा मोह

चौथा उपाय वर्तमानपत्रांत सर्वांत जास्त गाजतो. जनावराच्या कातडीची एक पेशी घ्यायची, दुसऱ्या मादीच्या बीजांडातील केंद्रक काढून तेथे त्या पेशीचे केंद्रक बसवायचे, भ्रूण वाढवून तो तिसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. जन्मणारे वासरू हे त्या मूळ जनावराचे हुबेहूब प्रतिरूप असते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने २००९ मध्ये या पद्धतीने म्हशीची पारडी जन्मास घातली. तेव्हा तंत्र खोटे नाही.

आपल्या सह्याद्रीत आढळणारा गवा अमेरिकेत या पद्धतीने जन्मास घालण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी गाईच्या ६९२ बीजांडांवर काम करण्यात आले. त्यांतून ८१ भ्रूण वाढले. ३२ गाईंत भ्रूण ठेवले, त्यांपैकी ८ गाभण राहिल्या. अखेर जानेवारी २००१ मध्ये साध्या गाईच्या पोटी गव्याचे एकच वासरू जन्मले आणि दोन दिवसांत हगवणीने मेले. ज्याने गोठा चालवला आहे त्याने हा हिशेब स्वतःच मांडावा.

दुसरे उदाहरण छत्तीसगडचे. तेथील उदंतीच्या जंगलात शुद्ध रानम्हशी फारच थोड्या उरल्या होत्या. ‘आशा’ नावाच्या रानम्हशीच्या पेशीपासून कर्नाल येथे डिसेंबर २०१४ मध्ये ‘दीपआशा’ ही पारडी जन्मली. तिला रायपूरजवळ ठेवण्यात आले. वाढल्यावर ती मुऱ्हा म्हशीसारखी दिसते, अशी शंका जाणकारांनी घेतली आणि तिची वर्षे कुंपणातच गेली. ओळख निर्विवाद नसेल तर पैदास करूनही उपयोग करून घेता येत नाही, हे येथे पुन्हा दिसते.

आफ्रिकेतील उत्तरी पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर मार्च २०१८ मध्ये मेला. आता केनियात दोन माद्या, म्हणजे माय आणि लेक, एवढाच वंश उरला आहे. पूर्वी साठवलेले वीर्य आणि लेकीची बीजांडे यांपासून शास्त्रज्ञांनी भ्रूण तयार करून गोठवले आहेत. ते जवळच्या जातीच्या मादीत वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे. नराचे वीर्य वेळेवर साठवले होते म्हणूनच हे शक्य झाले, हे लक्षात घ्या. पण दोन माद्या उरल्यावर धावण्याऐवजी दोनशे असताना जागे झाले असते, तर या खटाटोपाची गरज पडली नसती.

तबेल्याचा धडा

आता बोरिवलीच्या जंगलातून शेजारच्या आरे वसाहतीत येऊ. शहरातील म्हशी बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली. सुमारे १,२८७ हेक्टर जमिनीवर बत्तीस तबेले वसवण्यात आले. मुंबईला चांगले दूध मिळावे हा हेतू उत्तमच होता आणि कित्येक कुटुंबे त्यावर जगली.

परंतु मुंबईच्या म्हैस-धंद्याची दुसरी बाजूही आहे. हरियाणा-पंजाबातून मुऱ्हा, गुजरातेतून जाफराबादी आणि मेहसाणा अशा निवडक, भरपूर दूध देणाऱ्या म्हशी विकत आणायच्या, वेत संपेपर्यंत दूध काढायचे आणि आटल्यावर विकून टाकायचे, अशी रीत पडली. शहरात जागा आणि वैरण महाग, त्यामुळे भाकड म्हैस पोसणे परवडत नाही. अशा कित्येक म्हशी कत्तलखान्यात गेल्या आणि त्यांची पारडी पहिल्या काही आठवड्यांतच दगावली. म्हणजे गावोगावची सर्वांत चांगली मादी शहरात आली आणि तिचे बीज तेथेच संपले. यात तबेलेवाल्याला दोष देऊन भागणार नाही, कारण हिशेबच तसा आहे. पण जातिवंत वंश कसा झिरपून जातो, हे समजण्यास याहून चांगले उदाहरण नाही. तेथे ना साथ आली, ना शिकारी. रोजच्या व्यवहारातच हे घडले.

बंधूंनो, तेच आज आपल्या देशी जनावरांबाबत घडत आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटला, तर विदेशी व संकरित गोवंश सुमारे २७ टक्क्यांनी वाढला. संकरित गाईने दूध दिले, संसार उभे केले, हे नाकारता येणार नाही. पण मुसळधार पावसात चिखलणी करणारा डांगी बैल, कोकणच्या डोंगरउतारावर थोड्या चाऱ्यावर जगणारी कोकण कपिला यांचे गुण एकदा गेले तर ते पुन्हा कोठून आणणार? कोकण कपिला गाईची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद २०१८ मध्ये झाली. म्हणजे शेकडो वर्षे गोठ्यात असलेल्या जनावराला नाव मिळायला इतका काळ लागला. अजून नाव न मिळालेली किती असतील!

आपण काय करावे

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढील गोष्टी प्रत्येक पशुपालक करू शकतो.

१. दुधासाठी संकर करायचा असेल तर जरूर करा, पण कळपातील काही उत्तम देशी माद्या त्याच जातीच्या वळूने भरवा.

२. गाय माजावर आल्यावर कृत्रिम रेतन करताना रेतमात्रा कोणत्या जातीची आहे हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. शासनाच्या केंद्रांकडे तसेच उरुळी कांचनच्या बायफ संस्थेकडे देशी जातींच्या रेतमात्रा तयार होतात. आपल्या दवाखान्यातून मागणी नोंदवा. मागणी नसेल तर त्या बनणार नाहीत.

३. संकरित किंवा अज्ञात वंशाचा वळू शुद्ध देशी गाईवर वापरू नका.

४. एकच वळू त्याच्या मुलींवर येऊ देऊ नका. दोन-तीन वर्षांनी शेजारच्या गावाशी वळूची अदलाबदल करा.

५. सर्वांत चांगले गोऱ्हे सरसकट खच्ची करू नका. गावात निदान एक जातिवंत गोऱ्हा पैदाशीसाठी राखा. त्याच्या चाऱ्याचा खर्च गावाने वाटून घ्यावा.

६. आपल्या भागात वेगळ्या ठेवणीची गाय, शेळी किंवा कोंबडी असेल तर कृषी विद्यापीठ किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाला कळवा. नवीन जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत होते, पण त्याची सुरुवात आपल्या गोठ्यातून होते.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर जनुकतंत्र हे कणगीसारखे आहे. कणगीत धान्य टिकते, उगवत मात्र नाही. उगवण्यासाठी शेत लागते, पाऊस लागतो आणि राखण करणारा माणूस लागतो. तंत्राने वंशाची ओळख पटते, नात्यातली पैदास टाळता येते, बीज साठवता येते आणि वेळ मिळवता येतो. मिळालेल्या वेळेत जागा आणि जिवंत कळप राखला नाही, तर साठवलेले बीज डब्यातच राहील. बोरिवलीच्या सिंहासाठी हे काम सरकार आणि शास्त्रज्ञ करतील. आपल्या दावणीच्या डांगीसाठी आणि कपिलेसाठी ते आपल्यालाच करावे लागेल, आणि तेही आज, कारण आज गावात निवडीला दहा वळू आहेत. एकच उरल्यावर निवड करता येत नाही.